डॉक्टरबाईंच्या मुलीचं बाळंतपण

"माझ्या आईला यातलं काही कळता कामा नये," ऋजुता म्हणाली आणि भिंतीला पाठ टेकून सतरंजीवर बसली. तिला सातवा महिना लागला होता. जिना चढून आल्यामुळे धाप लागली होती, पण बोलण्याची घाई त्याहून जास्त होती.

"आईला का नको?" मी विचारलं.

"तुम्ही ओळखता तिला. डॉक्टर विजयमाला शेडबाळे."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि स्वतःच त्यातलं घोटभर प्यायले.

मिरजेत डॉक्टर शेडबाळेंना न ओळखणारं कोण असणार? अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. माझी आणि त्यांची ओळख मात्र वेगळ्या तऱ्हेची होती. आदल्या वर्षी त्यांच्या प्रसूतिगृहात मी एका बाईबरोबर गेले होते. डॉक्टरबाईंनी दारातच मला थांबवलं. "नातेवाईक आहात? नाही. नर्स? नाही. मग बाहेर बसा." आवाज चढवला नव्हता, चेहऱ्यावर रागही नव्हता. मी बाहेर बसले. त्यांच्याकडे नियम होता आणि नियमामागे कारणही होतं. अनोळखी माणसांची आत गर्दी झाली तर त्याचे परिणाम त्यांनाच निस्तरावे लागत. पण त्या जे करत तेच गावातले बाकीचे दवाखाने करत. त्यामुळे एका दारातून बाहेर आल्यावर बाकीची दारंही आपोआप लागली.

मी डूला आहे. म्हणजे बाळंतपणाच्या आधी, कळा चालू असताना आणि नंतरचे काही दिवस त्या बाईच्या सोबत राहणारी. मी तपासत नाही, औषध देत नाही. कंबर चोळते, श्वासाची आठवण करून देते, चालवते, बसवते, घाबरलेल्या नवऱ्याला काम देते. पुण्याला जाऊन याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि ब्राह्मणपुरीत एका पिठाच्या गिरणीवरची खोली भाड्याने घेतली. रंगाऱ्याला पाटीवर 'डूला' लिहायला सांगितलं. त्याला वाटलं माझीच चूक आहे, म्हणून त्याने मोठ्या मनाने 'झूला' लिहिलं. पहिल्या महिन्यात माझ्याकडे जी दोन गिऱ्हाइकं आली ती पाळणा भाड्याने मिळतो का विचारायला.

ऋजुता आली तेव्हा त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. पाटी दुरुस्त झाली होती, काम थोडं वाढलंही होतं, पण मी थकले होते. जी बाई येईल तिला मी "मी आहे ना" असं सांगत असे आणि मग खरोखरच सगळीकडे मीच असे. फोन न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून अंघोळ करायची. लग्नाला जायचं तर पंगतीत न बसता दाराजवळच्या खुर्चीत. सांगलीच्या एका शाळेने जूनपासून योगशिक्षिकेची नोकरी देऊ केली होती आणि घरी त्यावर कुणी काही बोलत नसलं तरी माझा नवरा दीपक ते पत्र दर आठवड्याला टेबलावर जरा पुढे सरकवून ठेवायचा.

"बाळंतपण कुठं करणार आहेस?" मी ऋजुताला विचारलं.

"आईच्याच दवाखान्यात. पण ती स्वतः करणार नाही. समीना मुल्ला म्हणून तिच्या जोडीदार डॉक्टर आहेत, त्या करणार. आईनेच ठरवलं. म्हणाली, स्वतःच्या पोरीवर हात चालायचा नाही."

"मग मला आत कोण घेणार?"

"मी घेणार. पेशंट मी आहे." मग तिने तांब्या जवळ ओढला. "सुलभाताई, खरं सांगू का? मला आई खोलीत नको आहे. ती माझ्याकडे बघते ना, तेव्हा मला वाटतं माझी सोनोग्राफीच चालली आहे. बंगळूरहून फोन केला की पहिला प्रश्न, बाळ फिरतं का. दुसरा प्रश्न, पायाला सूज आहे का. तिसरा प्रश्न नसतोच."

मी तिला हो म्हटलं, पण एका अटीवर. लपूनछपून मी काम करत नाही; आईला तिने स्वतः सांगायचं. ऋजुताने तोंड वाकडं केलं, पण त्याच रात्री जेवताना सांगून टाकलं असावं. कारण दुसऱ्या दिवशी माझा गरोदर बायकांचा सकाळचा वर्ग सुटला आणि जिन्यावर सावकाश पावलं वाजली.

डॉक्टरबाई वर आल्या तेव्हा खालच्या गिरणीचं पीठ त्यांच्या केसांवर बसलं होतं. त्यांनी चप्पल बाहेर काढली, खोली बघितली, मोठा रबरी चेंडू पायाने जरासा ढकलून पाहिला.

"बीपी मोजता?"

"नाही."

"आतून तपासता?"

"अजिबात नाही."

"काही देता? काढा, तेल, मुळी?"

"नाही, मॅडम."

"मग करता काय?"

"थांबते," मी म्हणाले.

"थांबण्यासाठी माझ्याकडे चांगली बाकं आहेत. मागच्या वर्षी तुम्ही बसला होतात त्याच्यावर."

म्हणजे त्यांना आठवत होतं. मला हसू आलं आणि ते लपवता आलं नाही. बाईंच्याही ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला.

"ऋजुता हट्टी आहे," त्या जाता जाता म्हणाल्या. "तिला तुम्ही हव्यात, तर या. समीनाच्या कामात अडथळा आला तर मी स्वतः बाहेर नेऊन बसवीन."

पुढचे तीन महिने ऋजुता नेमाने येत राहिली. तिचा नवरा आल्हाद शेवटच्या पंधरवड्यात रजा काढून आला. अतिशय सज्जन माणूस. बाळंतपणाचे व्हिडिओ बघून त्याने इतकी माहिती गोळा केली होती की तोच मला अधूनमधून शिकवायचा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आल्हादचा फोन आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ऋजुता खोलीत येरझाऱ्या घालत होती आणि बऱ्या मूडमध्ये होती. आम्ही ठरवल्याप्रमाणे मी लव्हेंडरचा सुगंधी दिवा लावला. तिला लगेच मळमळायला लागलं. दिवा बाहेर गेला. मग तिनेच निवडून ठेवलेली बासरी लावली. दुसऱ्याच कळेला ती म्हणाली, "त्या माणसाला गप्प करा." बासरी बंद झाली. आल्हाद तिचा पाय चोळत होता. तिने सांगितलं की तिला कंबर दुखते आहे, पाय नाही. त्याने फक्त पाय बदलला.

तरी काम बरं चाललं होतं. मी कंबरेवर गरम पाण्यात पिळलेला पंचा धरत होते, ती चेंडूवर डुलत होती, मध्येच हसतही होती. अडचण एकच होती. थोड्या थोड्या वेळाने दार उघडे आणि बाई आत येत. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. ऋजुताकडे न बघता थेट बाळाच्या ठोक्यांच्या मॉनिटरकडे जात, कागदाची पट्टी ओढून वाचत, डॉक्टर समीनांना हळू आवाजात दोन आकडे विचारत आणि जात. काही वाईट बोलत नसत. पण दाराची कडी वाजली की ऋजुताचे खांदे वर कानापाशी जात, जबडा घट्ट होई आणि पुढच्या कळेला ती श्वासच सोडत नसे. बाई गेल्यावर तिला परत सैल करायला मला वेळ लागे आणि तेवढ्यात बाई पुन्हा येत.

दुपारी डॉक्टर समीनांनी तपासलं. त्या तरुण होत्या, हसतमुख, आणि कामात एकदम पक्क्या. हातमोजे काढत मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळ छान आहे. पण सकाळी होती तिथंच आहे ती. मला घाई नाही, पण ही अशीच ताणून राहिली तर तिला थकवा येईल. सारख्या आत येऊ नका, असं मॅडमना मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत नाही. त्यांनीच मला शिकवलंय."

मी बाहेर आले. डॉक्टर शेडबाळे व्हरांड्यात उभ्या होत्या आणि लसीकरणाचं पोस्टर वाचत होत्या. ते पोस्टर त्यांच्याच दवाखान्यात कितीतरी वर्षं लागलेलं होतं.

"काय म्हणते समीना?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"बाळ छान आहे म्हणाल्या."

"ते मी बघितलं. मुलगी पुढे सरकत नाही."

"हो."

"तुम्हाला वाटतंय माझ्यामुळे."

त्या माझ्याकडे वळल्या. चष्म्याआडचे डोळे तांबारलेले होते. रात्रभर झोप झाली नसावी.

"मॅडम," मी विचारलं, "ऋजुताच्या वेळी तुमच्याजवळ कोण होतं?"

"माझ्याजवळ?" त्यांना प्रश्न विचित्र वाटला. "सगळेच होते. मी तेव्हा शिकत होते. सकाळची ओपीडी संपवली आणि तिथंच भरती झाले. आमचे सर होते, सिस्टर होत्या, बरोबरचे डॉक्टर होते. सगळे हुशार. काळजी करण्यासारखं काही नव्हतंच."

"आणि आई?"

"आई गावाला. तिला नंतर कळवलं. तिला यातलं काय कळणार होतं?" त्या थांबल्या. "हात धरायला कॉटची दांडी होती. तिचा रंग माझ्या तळव्याला लागला होता, तो बरेच दिवस गेला नाही."

व्हरांड्यात एक आजोबा नातवाला फिरवत होते, ते बाईंना नमस्कार करून गेले. बाईंनी मान हलवली आणि मग अगदी वेगळ्या आवाजात मला म्हणाल्या, "मी आत जाऊन करू काय? मला नुसतं बसता येत नाही. मी कधी बसलेलेच नाही. खोलीत शिरले की माझे डोळे आपोआप मॉनिटरवर जातात. तिच्याकडे बघितलं तर, तर मला आकडे सुचत नाहीत."

तोपर्यंत मला वाटत होतं की त्या मुलीवर नजर ठेवत आहेत. खरं तर त्या मुलीकडे बघायचंच टाळत होत्या.

"तुम्हाला वेणी घालता येते?" मी विचारलं.

"काय?"

"तिचे केस मोकळे झाले आहेत. मानेला चिकटतात, तिला त्रास होतो. मी बांधून बघितले, पण माझ्याच्याने नीट होईना."

शेवटचं वाक्य अगदी खरं नव्हतं. मी बांधायचा प्रयत्न केलाच नव्हता.

"शाळेत होती तेव्हा मीच घालायचे," बाई म्हणाल्या. "पहाटे, राउंडला जायच्या आधी. घट्ट घालते म्हणून रडायची."

"आज सैल घाला."

बाईंनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून माझ्या हातात दिला. कोट काढला, तोही दिला. आत साधी सुती साडी होती, निऱ्या जरा चुरगळलेल्या. एकदम चारचौघींसारख्या दिसायला लागल्या त्या. दार त्यांनी यावेळी इतकं हळू उघडलं की कडी वाजली नाही.

मी दारातच थांबले.

ऋजुताने मान वळवून बघितलं. "मॉनिटर त्या बाजूला आहे, आई."

"असू दे," बाई म्हणाल्या आणि तिच्या मागे पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांनी बोटांनीच केस विंचरायला सुरुवात केली. ऋजुता आधी ताठ राहिली. बाईंनी दोन बटा वेगळ्या केल्या, तिसरी हातातून सुटली, पुन्हा धरली. पुढची कळ आली तशी ऋजुताची मान खाली गेली. बाईंचे हात थांबले. मला दिसत होतं की त्यांच्या तोंडात काहीतरी सूचना आली आहे. ती त्यांनी गिळली आणि नुसतं "हं, हं, माझी बाय" म्हणाल्या. ऋजुता तशीच मागे कलली आणि आईच्या पोटावर डोकं टेकून तिने मोठा, लांब श्वास सोडला. सकाळपासून मी तिच्याकडून तो मागत होते.

कळ ओसरल्यावर तिने डोळे मिटूनच विचारलं, "आई, तुला पण इतकं दुखलं होतं का गं?"

"फार," बाई म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही, पण फार."

मी आल्हादला खुणेने बाहेर बोलावलं. खोलीत त्याच्यासाठीही जागा होती, पण तो घामाने निथळत होता आणि सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. आम्ही दोघं दवाखान्यासमोरच्या टपरीवर गेलो. त्याने बनपाव चहात बुडवून खाल्ला. मी डॉक्टरबाईंचा कोट हातावर टाकून चहा प्याले. टपरीवाल्याने मला डॉक्टर समजून कपाला बशी दिली.

"ताई, तुम्ही आत नको का?" आल्हादने विचारलं. बिचाऱ्याने मला ठरवताना फोनवरून बरीच चौकशी केली होती आणि मी त्याच्यासमोर दुसरा चहा मागवत होते.

"गरज लागली की जाऊ," मी म्हणाले. पण मनातून मीही जरा चपापलेच होते.

परत आलो तेव्हा खोलीतला सूर बदलला होता. ऋजुता आईच्या गळ्यात हात टाकून उभी होती आणि दोघी डुलत होत्या. वेणी वाकडी झाली होती. डॉक्टर समीनांनी पुन्हा तपासलं आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. "आता कंबर कसून जोर लावा," त्या ऋजुताला म्हणाल्या.

मग मलाही काम मिळालं. एका बाजूला मी, एका बाजूला आल्हाद, उशाशी बाई. ऋजुता ओरडली, शिव्याही दिल्या, त्यातल्या काही आल्हादला आणि एक बासरीवाल्याला. एकदा बाई सवयीने पुढे सरकल्या, तेव्हा समीना मान वर न करता म्हणाल्या, "मॅडम, आज तुम्ही नातेवाईक. नातेवाइकांनी डोक्यापाशी." बाई निमूट मागे झाल्या. मुलगी झाली. काळं जावळ, मोठा आवाज. समीनांनी सवयीने विचारलं, "मॅडम, वेळ किती?" आणि गावातल्या हजारो बाळांच्या जन्मवेळा मिनिटांपर्यंत नोंदवणाऱ्या बाई नातीला बघत म्हणाल्या, "मला काय माहीत."

मी घरी आले ते खूश होऊन. पण दोन-चार दिवसांनी बाईंनी बोलावल्याचा निरोप आला तेव्हा माझं धाबं दणाणलं. सगळा वेळ आठवून बघितला. ऐन महत्त्वाच्या वेळी मी टपरीवर होते, ही गोष्ट कशीही सांगितली तरी चांगली दिसत नव्हती.

बाई आपल्या खोलीत होत्या. पुन्हा तो कोट, तो स्टेथोस्कोप. "बस," त्या म्हणाल्या. अहोजाहो संपलं होतं.

"त्या दिवशी तू बराच वेळ बाहेर होतीस."

"हो, मॅडम."

"चहा पीत होतीस. जावई सांगत होता."

"दोन कप," मी म्हणाले. लपवण्यात अर्थ नव्हता.

"मला आत पाठवून तू बाहेर गेलीस. मला वाटत होतं तुम्ही लोक घरच्यांची जागा घ्यायला येता. मला ते आवडत नव्हतं, म्हणून मी तुला बसवलं होतं बाहेर." त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. "वेणी वाईट झाली होती ना?"

"फारच."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. मग त्या सरळ कामाचं बोलल्या. दवाखान्याच्या गच्चीवर एक मोठी खोली होती, ती वर्गासाठी वापरायला द्यायला त्या तयार होत्या. येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला माझ्याबद्दल सांगणार होत्या. ज्यांना हवं त्यांच्यासोबत मी आत यायचं. गावातल्या बाकीच्या डॉक्टरांशी त्या बोलणार होत्या. मला खुर्चीत बसणं अवघड झालं.

"पण एक अट," त्या म्हणाल्या. "तू एकटी नको. आणखी एक बाई तयार कर, नंतर आणखी एक. आठवड्यातला एक दिवस तुझा फोन बंद. अगदी बंद. मी पस्तीस वर्षं फोन उशाशी घेऊन झोपले. काम उत्तम झालं. पण माझी मुलगी मला दुरून बघायला शिकली. तू या वेगाने धावलीस तर फार दिवस टिकणार नाहीस आणि मला टिकणारी बाई हवी आहे."

मला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला राग आल्यासारखं झालं. "मॅडम, हे काम असं वाटून देता येत नाही. बायकांना मी हवी असते. दोन-तीन महिन्यांत त्यांचा माझ्यावर जीव बसतो. ऐन वेळी दुसरीच उभी राहिली तर?"

बाईंनी चष्मा काढला.

"ऋजुतालाही तूच हवी होतीस," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणाचं तरी बाळ रडत होतं, सिस्टर नाव पुकारत होत्या. बाई शांतपणे पुढच्या पेशंटचा कागद बघायला लागल्या. मी जिना उतरून खाली आले तेव्हा सांगलीच्या शाळेला नकार कळवायचं ठरलं होतं आणि माझ्या वर्गात येऊन गेलेल्या शैला मानेला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होते. शैला बोलकी होती, धीराची होती आणि तिचं स्वतःचं बाळंतपण झाल्यावर मला म्हणाली होती की असलं काम तिला जन्मभर करायला आवडेल.

शैला तयार झाली. शिकून आली, माझ्यासोबत वर्षभर फिरली. तरी तिला एकटीला पाठवायची पहिली वेळ आली तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी बंद फोन हातात घेऊन घरभर फिरले. शेवटी दीपकने तो माझ्या हातून काढून घेतला आणि मला कृष्णाकाठी फिरायला नेलं. तिथंही मी घाटाच्या पायऱ्यांवर बसून त्या बाईची, मालगावच्या अनघा नाईकची, काळजी करत होते. अनघाने मला बजावून ठेवलं होतं, ताई, तुम्हीच हं.

अनघाला मुलगा झाला. बारशाचं बोलावणं आम्हा दोघींना आलं. मालगावात मांडव घातला होता, बायकांची गर्दी होती. शैला आत शिरताच अनघाच्या सासूबाई उठून पुढे आल्या, तिचे दोन्ही हात धरून तिला बाळाजवळ घेऊन गेल्या, जी येईल तिला सांगत सुटल्या की हीच ती, हिच्याशिवाय आमचं काही खरं नव्हतं. अनघाने लांबून मला बघितलं, हात हलवला आणि परत शैलाशी बोलायला लागली.

मी मागच्या रांगेत एक खुर्ची बघून बसले. माझा फोन दीपककडे घरी होता. पंगत बसली तशी मीही बसले, अगदी मधोमध. वाढता वाढता सासूबाई माझ्यापाशी आल्या, जिलेबीचं ताट एका हातावर तोलत माझ्याकडे निरखून बघू लागल्या.

"तुम्ही कुणाकडच्या, बाई? ओळख पटेना."

"मी शैलाबरोबर आले," मी म्हणाले.

"मग संकोच करायचा नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या पानात आणखी दोन जिलेब्या वाढल्या.